वरूडमध्ये प्लॉट घेताय? फलकावरचा क्यूआर कोड आधी स्कॅन करा

संत्र्याचे पैसे हातात आले की वरूड-मोर्शी पट्ट्यात बऱ्याच घरांत एकच विषय निघतो: गावात प्लॉट घ्यायचा का? लेआउटच्या जाहिरातीत 'हिरवंगार', 'पर्यावरणपूरक' असे शब्द असतातच. पण ते तपासायचे कसे?

मोठ्या कंपन्यांचं उत्तर सोपं आहे. लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज यांसारख्या कंपन्या शेअर बाजारात आहेत. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना वीज, पाणी, कचरा आणि तक्रारींचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा लागतो. 'सेबी'ने 2022-23 पासून हे बंधनकारक केलं आहे.

वरूडमधला लेआउट बहुतेक वेळा स्थानिक भागीदारांचा असतो. त्यांना 'सेबी'चा हा नियम लागू नाही, पण रेरा कायदा लागू आहे. 1 मे 2017 पासून जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत पाच आरपेक्षा जास्त असेल, तर महारेरा नोंदणीशिवाय त्यातले प्लॉट विकता येत नाहीत. त्याची साधी जाहिरातही करता येत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही हवा. तो स्कॅन केला की जमिनीचा मालक, मंजूर नकाशा, चालू खटले आणि दर तीन महिन्यांची प्रगती मोबाइलवर दिसते.

पैशांचेही नियम आहेत. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करता येते. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. 'आधी अर्धे द्या, कागद नंतर करू' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

आता पाणी. वरूडमध्ये हाच खरा प्रश्न आहे, कारण भूजलाच्या अतिउपशासाठी हा तालुका कुप्रसिद्ध आहे. राज्याच्या विकास नियमावलीनुसार 40 आरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते आणि तिथे पाऊसपाणी जिरवण्याची सोयही करावी लागते. ही जागा मंजूर नकाशात शोधा. जाहिरातीतल्या बागेच्या ठिकाणी नकाशात प्लॉट दिसत असतील, तर ती जाहिरात खोटी आहे. अशा जाहिरातीला भुलून पैसे भरले असतील, तर ते व्याजासह परत मागता येतात.

बोअरला किती दिवस पाणी राहील, हे मात्र महारेराच्या पानावर कळत नाही. नळ नगरपरिषदेचा असेल की बोअरचा, हे विचारा आणि उत्तर करारनाम्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी 5,000 रुपये शुल्क आहे. आणि फलकावर नोंदणी क्रमांकच नसेल तर? नोंदणीशिवाय विक्री करणाऱ्याला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.