वाळलेलं मीठ मेलेलं नसतं

"वालूरला कुठाय समुद्र? रीळ आणलं, उन्हात वाळवलं, झालं की!" समुद्रावर वापरलेल्या गळाच्या रिळाबद्दल हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. तरी घालतो.

मे महिन्यात आमच्या मराठवाड्यातल्या वालूरची दोन-चार पोरं सेलूला देवगिरी एक्सप्रेस पकडतात आणि मुंबईमार्गे अलिबाग-मुरूडच्या खडकांवर गळ टाकायला जातात. एरवी लोअर दुधना धरणाच्या काठावर रोहू-मरळीवर भागवणाऱ्यांना जिताड्याची ओढ लागली तर नवल नाही. परत आली की रीळ गच्चीवर. आपलं ऊन बेचाळीस अंशांचं, तासाभरात सगळं खडखडीत. मग पिशवीत आणि माळ्यावर. जुलैत दुधनेला पाणी आलं म्हणून काढायला जावं तर हँडल जागचं हलत नाही. "पावसाची हवा लागली." "कंपनीनं फसवलं." मीठ कुणाच्या ध्यानातही नसतं.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडतं, क्षार राहतात. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी पाझरते ती याच कारणानं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर तेहतीस टक्क्यांच्या पुढेच पाणी धरतं. मराठवाड्यातल्या मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की मीठ गुपचूप पडून राहतं. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याच कणांचा खारट ओलावा बेअरिंगच्या पोटात तयार होतो. म्हणजे पावसानं रीळ बिघडत नाही. मेमध्ये झालेली चूक तो फक्त उघडी पाडतो.

गेल्या वर्षी असंच एक जाम रीळ मी उघडलं. बाहेरून नवंकोरं. तंगूस गुंडाळलेल्या स्पूलखालच्या दांड्यावर पांढरी खरपुडी आणि बेअरिंगमधून चहाच्या रंगाचं पाणी. मालक म्हणाला, "पण स्टेनलेस आहे ना!" अहो, स्टेनलेस स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर, आणि नेमका तोच थर क्लोराइड फोडतं. मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. बेअरिंगच्या गोळ्यांना तेवढे पुरतात.

धुवायचं, पण कसं? इथेही गोंधळ आहेच. मोटारसायकल धुतात तसा पाइपचा फवारा मारला तर बाहेरचं मीठ आत जातं. बादलीत बुडवून ठेवलं तरी तेच. आधी ड्रॅग, म्हणजे तंगुसाला ताण देणारा ब्रेक, घट्ट आवळा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरणार नाही. रीळ बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या देखभालीच्या सूचनांतही हेच सांगितलंय. मग तांब्यानं हळू धार सोडा, फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. शेवटी ड्रॅग सैल करा आणि तंगूस ज्यावरून सरकतो त्या छोट्या रोलरला एक थेंब तेल द्या. हे सगळं खडकावरून परतलात त्याच रात्री, लॉजच्या न्हाणीघरात. वालूरला पोचेपर्यंत थांबू नका.

"आमचं बोअरचं पाणीच खारट, त्यानं धुऊन काय उपयोग?" असाही एक बिनतोड वाटणारा सवाल येतो. भारतीय मानकानुसार दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. म्हणजे २ ग्रॅम, आणि समुद्रात ३५. खुशाल धुवा.

आता तंगूस. विणलेली ब्रेडेड दोरी घेतली की काळजी मिटली, असं दुकानात सांगतात. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा ती कितीतरी मजबूत असते, यात शंका नाही. पण तिच्या धाग्यांच्या फटींत खारं पाणी अडकतं आणि वेढ्यामागून वेढा उतरत स्पूलच्या तळाशी पोचतं, आपल्या वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या उतरल्यासारखं. तिथे स्पूलचं अ‍ॅल्युमिनियम वाट पाहत असतं. म्हणून ब्रेड वापरणाऱ्यानं स्पूल दुप्पट वेळ धुवावं. शिवाय तीक्ष्ण खडकावर ती घासली की पटकन कापली जाते. टोकाला हातभर-दोन हात फ्लोरोकार्बन किंवा जाड नायलॉन बांधा.

असेच आणखी काही समज. फ्लोरोकार्बन पाण्यात अदृश्य होतो? नाही. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३. नायलॉनपेक्षा कमी दिसतो, इतकंच.

जाड तंगुसाला मोठा मासा? जाड तंगूस जवळ पडतो आणि प्रवाहात जास्त ओढला जातो.

नायलॉन कधी खराब होत नाही? उन्हात टांगलेला वर्षभराचा तंगूस गाठ मारून ओढून पाहा. आणि गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन तिथेच दुबळा होतो.

डब्ल्यूडी-४० म्हणजे तेल? नावातच 'पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग' असा अर्थ आहे. ते आतलं ग्रीसही धुऊन काढतं.

यंदा मेमध्ये समुद्रावर जाऊन आला असाल तर माळ्यावरचं रीळ आजच उतरवा आणि तो छोटा रोलर बोटानं फिरवा. करकरला, तर आत मीठ आहे.