इंग्लंडची गाडी इंग्लंडमध्येच परदेशातून येते! जुन्या 'एमजी'च्या आयातीचं गणित नेमकं काय?

तालुक्याच्या रस्त्यावर आता एमजी नावाच्या गाड्या सर्रास दिसतात. हेक्टर, कॉमेट, विंडसर. या गाड्या गुजरातमधल्या हालोलला तयार होतात आणि नावाची मालकी चीनच्या एसएआयसी कंपनीकडे आहे. पण एम आणि जी ही दोन अक्षरं आली ती इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' या दुकानावरून. शंभर वर्षांपूर्वी तिथं मॉरिस गाड्यांवर हलक्या, पळणाऱ्या बॉड्या चढवायला सुरुवात झाली आणि त्यातूनच एमजी ही स्पोर्ट्स कार जन्माला आली. बुटकी, दोन सीटची, वरती कापडी टप.

या जुन्या एमजीचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. परदेशातली किंमत रुपयात करून सांगितलेली असते आणि ती ऐकून माणूस चकित होतो, कारण तेवढ्यात आपल्याकडे चांगल्या अवस्थेतला जुना ट्रॅक्टरसुद्धा येतो. मग गॅरेजवर विषय निघतो, अशी गाडी आणता येते का? येते. पण किती पैशात आणि कशासाठी, हे आधी समजून घ्यायला हवं.

माल चांगला, म्हणून गेला बाहेर

या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त नाव झालं ते एमजीबी या मॉडेलचं. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, उघडून बघितलं तर कुठल्याही फिटरला समजेल इतकं साधं. तिच्या भावंडांसकट पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्ध जिंकूनही ब्रिटन कर्जात बुडाला होता. डॉलर हवे होते. लोखंड-पोलाद तर रेशनवर होतं आणि जो कारखाना माल बाहेर पाठवील त्याला ते आधी मिळायचं. म्हणून इंग्लंडच्या माणसाला नवी गाडी मिळायला वाट बघावी लागायची आणि तिकडं बोटी भरभरून गाड्या अमेरिकेला जायच्या. आपल्याकडं निवडक द्राक्षं एक्स्पोर्टला जातात आणि बागेच्या मालकाच्या घरात उरलेली खातात, त्यातलाच हा प्रकार. ही सवय पुढं एमजीबीच्या काळातही राहिली. जग्वारची ई-टाइप, ट्रायम्फची टीआर ६ या गाड्यांचंही मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होतं.

म्हणून आज इंग्लंडमधल्या हौशी माणसाला स्वतःच्या देशात बनलेली गाडी हवी असेल, तर तो बऱ्याचदा ती अमेरिकेतून परत आणतो. उलटी गंगा म्हणायची ती हीच.

मिठानं खाल्लं, उन्हानं राखलं

इंग्लंडमध्ये गाड्या कमी राहिल्या, एवढंच कारण नाही. मुख्य कारण गंज. तिथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. हे खारट पाणी चाकाबरोबर उडतं आणि पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसतं. खताची पोती वाहिलेली ट्रॉली न धुता पावसाळाभर उभी ठेवली तर तळाचं काय होतं ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. एमजीबीच्या बाबतीत हे जास्त घातक आहे, कारण जीप किंवा ट्रॅक्टरसारखी तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. वरती छप्पर नसल्यानं दाराखालून पुढून मागं जाणारी जी जाड पोकळ पट्टी असते तिच्यावरच सगळा भार. ती आतून सडली की गाडी मधोमध वाकते. मग दार नीट लागत नाही.

कॅलिफोर्निया, ॲरिझोना या भागात पाऊस कमी, हवा कोरडी. तिथं पन्नास वर्षं उभ्या असलेल्या गाडीचाही पत्रा शाबूत निघतो. म्हणून गिऱ्हाईक तिकडं वळतं. मात्र ऊन फुकट काही देत नाही. डॅशबोर्डला तडे जातात, सीट फाटतात, रबराच्या नळ्या कडक होतात, कापडी टपाचा भुगा होतो. तरीही जाणकार म्हणतात की हे चालेल, गंज नको. सीट आणि रबर नवं मिळतं. सडलेल्या पत्र्याचं काम मात्र महिनोन् महिने चालतं आणि मजुरीच गाडीच्या किमतीपुढं जाते.

सुट्या भागांची या गाडीला अडचण नाही. १९८८ पासून तर एमजीबीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा पुन्हा नवा मिळायला लागला, तोही जुन्याच साच्यांवर काढलेला. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचं सामान इतकं सहज मिळणं, हे आपल्याकडं दहा वर्षांच्या गाडीच्या पार्टसाठी वणवण करणाऱ्याला खरं वाटणार नाही.

अमेरिकेला गेलेल्या गाडीत फरकही होते. स्टेअरिंग डावीकडं. १९७४ नंतरच्या गाड्यांना तिथल्या धडकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच केली गेली. धुराच्या नियमांमुळं पुढं दोनच्या जागी एकच कार्बोरेटर बसवला, ताकद कमी झाली. म्हणून क्रोमच्या बंपरवाल्या आधीच्या गाडीला मागणी जास्त, भावही जास्त.

फोटोवर गाडी घ्यायची म्हणजे

जुना ट्रॅक्टर बघायला जाणारा माणूस सोबत मिस्त्री नेतो, थंड इंजिन चालू करायला लावतो, धूर बघतो, तळाशी वाकतो. समुद्रापलीकडची गाडी घेताना हे करता येत नाही. म्हणून तिथं पैसे देऊन स्थानिक जाणकार पाठवायची पद्धत आहे. तो दाराखालच्या पट्ट्या, सीटखालचा पत्रा, डिकीचा तळ यांचे फोटो काढतो आणि लोहचुंबक फिरवून बघतो. चुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. नवा चकचकीत रंग बघून खूश होऊ नये. उलट जुना उडालेला रंग प्रामाणिक असतो, खाली काय आहे ते दिसतं.

कागदांची गोष्ट गाडीपेक्षा महत्त्वाची. अमेरिकेत आपल्या आरसीसारखा मालकीचा कागद असतो, त्याला टायटल म्हणतात. बोटीत चढवण्याआधी हे टायटल तिथल्या कस्टमला दाखवावं लागतं. त्यावर कर्जाचा बोजा असेल, किंवा गाडी अपघातात विम्यानं मोडीत काढल्याची नोंद असेल, तर पुढं सगळंच अडतं. चासी नंबर कागदावर एक आणि पत्र्यावर दुसरा असेल तर सौदा तिथंच सोडलेला बरा.

इंग्लंडमध्ये गेडन गावच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडं जुन्या कारखान्यांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. फी भरली की चासी नंबरवरून दाखला मिळतो. गाडी कधी बनली, रंग कोणता होता, इंजिन नंबर काय, कोणत्या देशासाठी पाठवली. गाडीचा जुना फेरफारच म्हणा. लाल रंगाची गाडी कारखान्यातून पांढरी निघाली होती, हे बऱ्याच मालकांना तिथंच कळतं.

बोटीचा प्रवास आणि कर

बोटीनं आणायचे दोन मार्ग. एक म्हणजे गाडी चाकावर चालवत बोटीच्या पोटात न्यायची, हे स्वस्त. पण गाडी चालू असायला हवी, ब्रेक लागायला हवेत, आणि बंदरात चार अनोळखी माणसं ती चालवणार. दुसरा मार्ग कंटेनर. चाकं आवळून बांधतात, बॅटरी सोडवतात, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवतात. महाग पडतं, पण बंद गाडीही येते. माल चढला की बिल ऑफ लेडिंग मिळतं. हे ट्रकच्या बिल्टीसारखंच, ते ज्याच्या नावावर त्याला माल मिळतो. विमा घेताना तो फक्त बोट बुडाली तरच आहे की ओरखड्यालाही आहे, हे वाचूनच सही करायची.

ब्रिटनमध्ये उतरल्यावर कराचा प्रश्न येतो आणि खरी बचत इथंच आहे. गाडी तीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात आणि बनणं बंद झालेली असेल तर ती संग्रहाची वस्तू म्हणून धरता येते. त्यावर सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट फक्त ५ टक्के. तसं नाही धरलं तर १० टक्के शुल्क आणि त्यावर २० टक्के व्हॅट. समजा भाड्यासकट गाडी १०,००० पौंडांना पडली. पहिल्या हिशोबानं कर ५०० पौंड. दुसऱ्या हिशोबानं आधी १,००० शुल्क, मग ११,००० वर २,२०० व्हॅट, म्हणजे ३,२०० पौंड. इंजिन बदललेली, बॉडी कापून वाढवलेली गाडी या सवलतीत अडकते. म्हणून मूळ रूप जपण्याला तिथं पैशाचीही किंमत आहे.

गाडी आल्यापासून चौदा दिवसांत तिथल्या कर खात्याला कळवावं लागतं, त्याशिवाय नंबर मिळत नाही. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीचे दिवे उजव्या बाजूला झुकतात, ते बदलावे लागतात, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. बाकी चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथं रस्ता कर माफ आहे, आणि मोठे बदल केलेले नसतील तर वर्षाची फिटनेस तपासणीही नाही.

आणि आपल्याकडं?

आपल्या देशात परदेशातली साधी सेकंड हँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी आणता येत नाही. विंटेज गाडीची वाट वेगळी आहे. आधी ही सूट फक्त १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांना होती. २०२५ च्या सुरुवातीला विदेश व्यापार महासंचालनालयानं ती बदलून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना दार उघडलं. दर वर्षी ही मर्यादा आपोआप पुढं सरकते. म्हणजे १९७० ची एमजीबी बसते, १९८० ची अजून नाही.

पण परवानगी मिळाली म्हणजे गाडी स्वस्त झाली असं नाही. नियम बदलला तेव्हा सीमाशुल्क आणि बाकीचे कर मिळून बोजा किमतीच्या साधारण अडीचपट होत होता. समजा गाडी पाच लाखांची आणि बोटीचं भाडं-विमा दोन लाख. सात लाखांवर साडेसतरा लाखांचा कर. गाडी पडली साडेचोवीस लाखांना, दुरुस्ती अजून बाकीच! त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलून सेस निघाला, त्यानं आकडा थोडा हलला, चित्र तेच आहे. नक्की आकडा परवानाधारक कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्यावा, व्हिडिओवरून नाही.

नोंदणीचा नियम जुलै २०२१ चा आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकीला नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५,०००. आयात गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि विमा जोडावा लागतो. आणि मुख्य अट म्हणजे ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेणं एवढंच. बाजाराला, लग्नाच्या वरातीत भाड्यानं द्यायला ती नाही. वरातीच्या धंद्याचा विचार करून कुणी कर्ज काढत असेल तर त्यानं ही ओळ दोनदा वाचावी.

'पोर्टवर अडकलेली गाडी'

यातला खरा धोका वेगळाच आहे. परदेशातल्या ओळखीच्या माणसानं भेट पाठवली, गाडी बंदरात कस्टमनं अडवली, अमुक रक्कम भरा म्हणजे सुटेल, असा फोन किंवा मेसेज येतो. सोबत गाडीचा फोटो, शिक्क्यांचा कागद. आधी पंचवीस हजार, मग दंड, मग साठवणुकीचं भाडं. पैसे एखाद्याच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर मागतात.

गाडी ही पार्सलसारखी भेट म्हणून सुटत नाही, हे वर आलंच. कस्टम विभाग फोनवरून कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या खऱ्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. क्रमांक नसेल, किंवा टाकल्यावर काहीच निघालं नाही, तर पैसे पाठवू नयेत. पाठवले गेले असतील तर लाजेनं गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. फोन करताना बँकेचा व्यवहार क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा मोबाईल नंबर जवळ ठेवावा.