पिल्लू घरात एकटे, बाहेर सोलापूरचे ऊन. पिंजरा वापरताना काय काळजी घ्याल?

सोलापूर : सात रस्ता परिसरातील फ्लॅट असो की पत्र्याचे घर, नवरा-बायको कामाला गेले की नवे पिल्लू एकटे पडते. चप्पल, वायर कुरतडू नये म्हणून अनेक जण पिंजरा आणतात. पिंजरा वाईट नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या शहरात तो कुठे आणि किती वेळ, हे आधी पाहायला हवे.

धोका कशाचा?
कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीर थंड करते. बंद, कोंदट खोलीत ही सोय अपुरी पडते. मोकळे पिल्लू थंड फरशी शोधते. पिंजऱ्यातल्याला जागा बदलता येत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक.

पिंजरा कुठे ठेवावा?
गॅलरीत, गच्चीवर किंवा पत्र्याखाली नको. ऊन दिवसभर सरकते, त्यामुळे दुपारी तिथे ऊन येते का, हे सुट्टीच्या दिवशी तपासा. जाड सोलापुरी चादर पिंजऱ्यावर टाकू नका, हवा अडते. पाण्याचे भांडे जाळीला अडकवा, म्हणजे सांडणार नाही. गळ्यातला पट्टा काढा; तो जाळीत अडकून फास बसू शकतो. वीज गेली तर पंखा बंद पडेल, हे गृहीत धरा.

किती वेळ?
ढोबळ हिशेब असा : वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास पिल्लू लघवी रोखू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू जेमतेम तीन तास. पूर्ण ड्युटीभर कोंडणे चुकीचेच. दुपारी शेजारी किंवा नातेवाइकांपैकी कोणी येणार नसेल, तर पिल्लू आणण्याचा विचार पुढे ढकला.

सवय कशी लावावी?
आधी दार उघडे ठेवून आतच खाऊ द्या. मग पाच मिनिटे, दहा मिनिटे दार लावा. शिक्षा म्हणून कोंडू नका. पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

ही लक्षणे दिसली तर?
जोरात धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या. पिल्लाला लगेच सावलीत घ्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि थेट पशुवैद्यक गाठा. संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका.