वहीतून निघालेला शनिवार

"पुस्तकं देण्याखेरीज वाचनालयं महिनाभर काय करतात, ते बघून या," असं संपादकांनी सांगितलं, म्हणून माण तालुक्यातल्या एका 'ड' वर्ग वाचनालयात जाऊन बसलो. नाव छापायचं नाही, ही ग्रंथपाल ताईंची पहिली अट. "छापलंत तर पुढच्या तपासणीला उत्तरं मलाच द्यावी लागतील." ग्रामपंचायतीच्या आवारातली एक खोली, पाच लोखंडी कपाटं, एक लांब टेबल. संध्याकाळी तीन तास उघडी.

मराठी वाचनालयांचा इतिहास सांगायचा तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना अनुदानाचा आधार दिला आणि अ, ब, क, ड हे वर्गही दिले. 'ड' म्हणजे शेवटची पायरी.

उपक्रमांचं वेळापत्रक मात्र चारही वर्गांना जवळपास सारखंच. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, मग मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक ग्रंथदिन, 12 ऑगस्टला रंगनाथनांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला कलामांची जयंती म्हणून वाचन प्रेरणा दिन. ताईंनी कार्यक्रमांची नोंदवही उघडून दाखवली. प्रतिमापूजन, हार, सरपंचांचं मनोगत, शाळेतल्या मुलांची रांग, आभार. प्रत्येक पानावर फोटो चिकटवलेला, खाली सह्या. वही इतकी नीटनेटकी की तिच्यात दोष काढायला जागाच नाही. "एवढी पोरं आली त्या दिवशी," ताई म्हणाल्या, "पण पुस्तक एकानंही नेलं नाही."

मला गुंतवलं ते दुसऱ्या वहीनं. ती देवघेवीची.

दर महिन्याच्या वीस तारखेनंतर ताई ही वही घेऊन बसतात आणि तीन नावं शोधतात. पुस्तक सगळ्यांत जास्त दिवस ठेवणारा एक, तेच पुस्तक पुन्हा नावावर लावून घेणारा एक आणि नेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत आणून टाकणारा एक. शेवटच्या शनिवारी हे तिघं बोलतात, प्रत्येकी दहा मिनिटं. पाहुणा नाही, शाल-श्रीफळ नाही, सूत्रसंचालन नाही. पुस्तक पूर्ण वाचलेलं असण्याची अटही नाही. कुठल्या पानावर सोडलं आणि का, हेही चालतं. ताईंच्या मते तेच जास्त ऐकण्यासारखं असतं.

मी गेलो त्या शनिवारी पंधरा-सोळा माणसं होती. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी 'मृत्युंजय' दोन महिने ठेवलं होतं. त्यांनी वृषालीचा आणि कुंतीचा भाग पुन्हा पुन्हा वाचला होता, बाकी कर्णाचं, दुर्योधनाचं चाळलं होतं. "लढाईचं मला ठाऊक आहे हो. घरात बसलेलीला काय वाटलं, ते बघायचं होतं." मेंढरं राखून आता थकलेले एक आजोबा 'बनगरवाडी'वर बोलले. कादंबरीत शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. आजोबांची तक्रार अशी, की लिहिणारा गावात उभा राहून जाणाऱ्यांची पाठ बघतो. जाणाऱ्याला पुढं चारा कुठं मिळाला, हे पुस्तकात नाही. मग ते त्यांनीच सांगितलं. वाटेतली गावं, शेतात मेंढरं बसवायचे ठराव, रात्रीची राखण. दहा मिनिटांची पंचवीस झाली, कुणी घड्याळ दाखवलं नाही. तिसरा एक तरुण. त्याने आत्मविकासाचं भाषांतरित पुस्तक परत का आणलं, ते एका वाक्यात सांगून खाली बसला: "यातला माणूस पहाटे पाचला उठतो, मी तेव्हा दूध घालून आलेलो असतो."

उठताना 'बनगरवाडी'साठी तिघांनी नावं लावली. प्रत एकच.

यात एक नाजूक बाब आहे. कोण काय वाचतं, हे वहीला ठाऊक असतं आणि ते चारचौघांत येऊ नये असंही काही असतं. आजारांवरची, कोर्टकज्ज्यांवरची पुस्तकं नेणाऱ्यांची नावं ताई काढतच नाहीत. इतरांना आधी घरी जाऊन विचारतात. नकार आला तर पुढचं नाव. ही समज कुठल्याही परिपत्रकात लिहिता येणार नाही आणि म्हणूनच काळजी वाटते. शनिवार चालतो तो ताईंच्या गावओळखीवर. त्या नसतील तेव्हा वही राहील, पण ती वाचणार कोण?

आणि त्या किती दिवस राहतील? 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे 30,000 रुपये 48,000 झाले. इथे त्यातले निम्मे पगाराला जातात. महिन्याचे झाले 2,000. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि जयंत्यांचे हार. ताई सकाळी शिलाईचं काम घेतात, तेव्हा कुठे जमतं. खोलीवर दुसरा हक्क स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा. त्यांना टेबल हवं, शांतता हवी. शनिवारी तासभर उठावं लागतं म्हणून ती कुरकुरतात. त्यांचंही चूक नाही. गावात दुसरीकडे अभ्यासाला जागा नाही.

शनिवारची नोंद कार्यक्रमांच्या वहीत नाही. फोटो कोण काढणार, आणि हार नसलेल्या फोटोला उपक्रम म्हणणार कोण? मी सुचवलं, की अहवालात एक रकाना वाढवायला हवा: कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात किती पुस्तकं बाहेर गेली. ताईंनी मान हलवली. "रकाना आला की तो भरायलाही लोक शिकतील. त्यापेक्षा 'बनगरवाडी'च्या आणखी दोन प्रती द्यायला सांगा."