हट्टी रोल पिन

रोल पिन म्हणजे स्प्रिंग स्टीलची, लांबीभर चीर असलेली पोकळ नळी. तिची पकड जाडीच्या फरकात असते: ५ मिलिमीटरच्या भोकासाठीची पिन मोकळी असताना जवळपास अर्धा मिलिमीटर जाड भरते. आत जाताना चीर आकसते आणि पिन भोकाच्या भिंतीवर सतत दाब देत राहते. आकुर्डीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनचा दांडा किंवा गिअरचा लिव्हर अशाच पिनेवर टिकतो.

पिन अडते ती बहुधा जोडायच्या दोन्ही भागांतली भोकं सरळ रेषेत नसल्याने. आधी निमुळता पंच घालून ती जुळवावीत, कडेची बर (धातूची उचललेली धार) काढावी. पिनेचं पुढचं टोक कानशीने थोडं अधिक उतरतं करून ग्रीस लावलं की निम्मं काम झालं. छोटी पिन बोटांत धरू नये. लॉकिंग प्लायर उत्तम. जॉबखाली व्ही-ब्लॉकचा भक्कम आधार हवा, नाहीतर ठोका वाया जातो. हातोडीपेक्षा व्हाइसचा संथ दाब केव्हाही चांगला. जबड्यांना तांब्याचे पत्रे लावावेत. शेवटच्या ठोक्यांसाठी टोकावर बोंडी असलेला पंच वापरावा, म्हणजे पिनेचं तोंड चेपत नाही. कडक पोलादाची कपची उडू शकते, म्हणून डोळ्यांवर गॉगल असायलाच हवा.