अळंब्यांची पारख आणि माप

घरांत नवी भाजी येते तेव्हां तिच्याबरोबर तिचें मापही यावें लागतें. वांगीं, भोपळा, मेथी यांचीं मापें आपल्या वडील बायकांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेलीं आहेत; दहा पानांना किती जुड्या लागतील हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. अळंब्यांचें तसें नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा यांच्या पंक्तीस 'कवक' म्हणजे अळंबीं बसवून तीं द्विजांस वर्ज्य सांगितलीं आहेत. त्यामुळें आपल्यांतील पुष्कळ घरांत हा पदार्थ चुलीपर्यंत आलाच नव्हता. आतां तो बाजारांत बारमाही मिळतो आणि मुलें आवडीनें मागतात. ज्यांस तो वर्ज्य त्यांनीं आपला नियम अवश्य पाळावा आणि त्यांचें पान निराळें मांडावें. यांत वादाचें कारण नाहीं. परंतु ज्या घरांत अळंबीं शिजतात तेथें तीं जाणून शिजवावीं, एवढ्यासाठीं आम्ही हें लिहीत आहों.

प्रथम मापाचा विचार करूं. ताज्या अळंब्यांत शेंकडा नव्वद भाग पाणी असतें. चिरलेला ढीग पातेलें भरून दिसतो आणि विस्तवावर दहा मिनिटांत तळाशीं जाऊन बसतो. म्हणून येथें डोळ्यांच्या किंवा वाटीच्या अंदाजावर न विसंबतां वजन करणेंच बरें. बाजारांतील बटण अळंब्यांची पुडी बहुधा २०० ग्रॅमची असते व तींत मध्यम आकाराचीं दहा-बारा नग निघतात. पाणी आटेपर्यंत परतल्यास त्यांचें वजन जवळजवळ निम्म्यावर येतें. यावरून नुसत्या अळंब्यांची सुकी भाजी करावयाची असेल तर माणशीं १०० ग्रॅम, आणि मटार अथवा बटाटा घालून रस्सा करावयाचा असेल तर माणशीं ५० ग्रॅम धरावे. दहा पानांस पहिल्या भाजीला पांच पुड्या लागतील, दुसरीला अडीच पुरतील. मिठाचेंही असेंच आहे. कच्चा ढीग पाहून मीठ घातलें तर पाणी आटल्यावर भाजी खारट होते. तेव्हां मीठ भाजी बसल्यानंतर, चव पाहून घालावें. सुकीं अळंबीं वापरावयाचीं असल्यास, १ किलो ताजीं वाळवून सुमारें १०० ग्रॅमच उरतात हें लक्षांत ठेवावें. पाव किलो ताज्यांच्या जागीं २५ ते ३० ग्रॅम सुकीं पुरे होतात. तीं अर्धा तास कोमट पाण्यांत भिजवून तें पाणी फडक्यानें गाळून रश्शांत घालावें. स्वाद त्यांतच असतो.

आतां निवड. बटण अळंबें हातांत घेऊन उलटें करून पाहावें. टोपी देंठाशीं मिटलेली असली व मधला पातळ पडदा फाटलेला नसला तर तें कोंवळें समजावें. पडदा उघडून आंतल्या काळपट कल्ल्या दिसूं लागल्या तर तें जून झालें. टाकून देण्याजोगें नव्हे, पण लौकर संपवावें. बोटानें दाबून घट्ट लागावें, पृष्ठभाग कोरडा असावा. चिकट झालेलें, आंबूस वास येणारें किंवा पुडीच्या आंत पाणी सांचलेलें असेल तें घेऊं नये. अति शुभ्रतेला भुलण्याचें कारण नाहीं. रंग टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणीं अळंबीं गंधकयुक्त क्षाराच्या पाण्यांतून काढतात. किंचित् तपकिरी डाग असलेलें पण कोरडें व घट्ट अळंबें अधिक चांगलें. धिंगरी जातीचीं अळंबीं घेतांना कडा पिवळ्या पडलेल्या नाहींत हें पाहावें, आणि चिवट देंठ काढून टाकावे लागतात म्हणून थोडें वजन वाढवून घ्यावें. आकार शक्य तों सारखा निवडावा. लहान नग अख्खे रश्शाला, मध्यम कापांसाठीं, मोठे भरून करण्यास. घरीं आणल्यावर कागदी पिशवींत घालून शीतपेटींत ठेवावीं, तीन-चार दिवसांत संपवावीं आणि शिजविण्याच्या वेळींच भरभर धुवावीं.

येथवरचें सर्व लागवडीच्या अळंब्यांविषयीं झालें. आपल्या देशांत हिमाचल प्रदेशांतील सोलन येथें १९६१ सालीं यांच्या लागवडीस आरंभ झाला व १९८३ सालीं तेथें अळंब्यांच्या संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र निघालें. या अळंब्यांचें बियाणें शुद्ध जातीचें प्रयोगशाळेंत तयार होतें, म्हणून तीं निर्धास्त खावीं. रानांतल्यांची गोष्ट निराळी. पावसाळ्यांत कोंकणांत आणि गोव्यांत वारुळांवर उगवणारीं अळंबीं पानांत बांधून, वजनावर नव्हे तर नगावर विकावयास येतात. त्यांची रुचि खरोखर अपूर्व असते. पण तीं जाणत्याकडूनच घ्यावीं. हौसेनें रानांतून किंवा अंगणांतील हिरवळीवरून उपटून आणलेलें अळंबें कधींही पातेल्यांत पडूं देऊं नये.

विषारी अळंबें ओळखण्याच्या म्हणून ज्या युक्त्या सांगतात, त्या सर्व खोट्या आहेत. चांदीचा चमचा काळा पडणें, लसणीचा रंग बदलणें, किडीनें खाल्लेलें असणें, यांपैकीं एकही खूण विश्वासार्ह नाहीं. 'अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस' या जातीचें विष चांदीस काळें करीत नाहीं, शिजवून अथवा वाळवून नाहींसें होत नाहीं, आणि चवीवरूनही कळत नाहीं. तें पोटांत गेल्यावर बहुधा सहा ते चोवीस तास कांहींच होत नाहीं. मग उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढें ते थांबून रोग्यास बरें वाटूं लागतें, आणि त्याच अवधींत यकृत निकामी होत असतें. म्हणून शंका येतांच, उरलेली भाजी व न शिजविलेलें अळंबें बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें, आणि त्या पंक्तीस जेवलेल्या सर्वांस, त्रास होत नसला तरी, तपासून घ्यावें.

एकत्र कुटुंबांत एकाच पातेल्यांतून पंधरा पानें वाढलीं जातात. तेथें चुकीचा परिणाम एका माणसापुरता राहत नाहीं. मापांत चूक झाली तर भाजी कमी पडते, आणि तेवढी वेळ ताक-भातावर निभावून नेतां येते. निवडींतील चूक मात्र निभावतां येत नाहीं. यास्तव आमची सूचना एवढीच कीं, ज्या अळंब्याचें नांव आणि गांव ठाऊक नाहीं तें कितीही ताजें, सुंदर वा फुकट असलें तरी घरांत आणूं नये. आणि जें ठाऊक आहे तें तोलून, पारखून, पोटभर खावें.