सेन्सर बदलण्याआधी वायर बघा!

गेल्या श्रावणात गोव्याहून परतताना चोर्ला घाटात आमच्या जुन्या गाडीने ऐन चढावर दगा दिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढ घेईना, मधेच झटके मारी. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, मागे आई आणि मुलगी, बाहेर मुसळधार पाऊस. कसेबसे बेळगाव गाठले.

गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला. ‘पी ०१२२’ असा कोड आला. ‘थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेलाय’ म्हणून नवा बसवला, पैसे मोजले. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर!

मग उद्यमबागेतल्या एका वयस्क मेकॅनिककाकांकडे गेलो. ते म्हणाले, “मोदलु वायर नोडोण, सर!”

त्यांनी समजावले ते असे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाला हवा देणारी झडप उघडते. ती किती उघडली, हे सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आमच्या गाडीसारख्या केबलच्या थ्रॉटलला बहुधा तीन वायरी असतात. एक ५ व्होल्ट पुरवते, दुसरी अर्थची, तिसरी निरोप नेते. झडप मिटलेली असताना निरोप साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. मधली वाढ मात्र सलग हवी. पी ०१२२ म्हणजे निरोपाचे व्होल्टेज फारच कमी येते, एवढेच. सेन्सर बिघडला, असे तो कोड म्हणत नाही.

काकांनी इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली आणि निरोपाच्या वायरीला मल्टिमीटर लावला. मला पेडल सावकाश दाबायला सांगितले. आकडा नीट चढला. मग त्यांनी वायरींचा जुडगा हाताने हलवला, तसा आकडा एकदम शून्यावर! पुरवठ्याची वायर एका पट्टीला घासून आतून तुटत आली होती. गाडी हादरली की संपर्क सुटे. घाटात नेमके तेच झाले होते.

काकांनी वायर जोडून डाक दिला, वर स्लीव्ह चढवली, जुडगा पट्टीपासून दूर बांधला आणि कोड पुसला. तासाभराचे काम! त्यानंतर याच गाडीने आम्ही दोनदा चोर्ला चढून आलो.

तेव्हा वाचकहो, कोणी सेन्सर बदला म्हणाले, तर आधी एवढेच विचारा, “वायर चेक माडिदिरा?”